शास्त्रज्ञांचा हात बसतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मानववंशशास्त्राचा अभ्यासक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. दूरच्या बेटावर नाहीतर घनदाट जंगलात एखादी जमात राहत असते. हा अभ्यासक तिथे जाऊन वर्ष-दोन वर्षे मुक्काम ठोकतो, त्या लोकांची भाषा शिकतो आणि ते काय खातात, लग्ने कशी लावतात, भांडणे कशी मिटवतात याच्या वह्याच्या वह्या भरतो. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी काही मंडळींच्या मनात आले, की असाच मुक्काम शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत का ठोकू नये? पांढरे कोट घालून वावरणारी ही जमात दिवसभर नेमके करते तरी काय?

मी तीसेक वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. त्यातला निम्मा वेळ तरी प्रात्यक्षिकांच्या टेबलापाशी उभे राहण्यात गेला. त्यामुळे या निरीक्षकांनी प्रयोगशाळांमध्ये बसून जे टिपून ठेवले, त्याची मला विशेष ओढ वाटत आली आहे. विज्ञानावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर त्यात मिळते. आज त्याविषयी थोडे बोलू.

ब्रुनो लातूर हा फ्रेंच तरुण १९७५ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, ला होया येथील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क यांनी उभारलेली ही संस्था. तिथे रॉजे गिलमॅ यांची प्रयोगशाळा होती. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग शरीरातल्या ग्रंथींना हुकूम कसे सोडतो, हा त्यांचा विषय. लातूर जीवशास्त्रज्ञ नव्हता, तत्त्वज्ञान शिकून आलेला होता. तो तिथे जवळजवळ दोन वर्षे राहिला, पडेल ते मदतनिसाचे कामही त्याने केले आणि सगळे टिपून ठेवले.

त्याला पहिल्यांदा काय दिसले असेल? ही माणसे अखंड लिहीत असतात! नळीवर चिठ्ठी लावतात, चंचुपात्रावर रंगीत पट्टी चिकटवतात, प्रयोगासाठी आणलेल्या उंदरांच्या केसांवरसुद्धा पेन्सिलीने आकडे घालतात. यंत्रातून आकड्यांच्या पट्ट्या बाहेर पडतात, त्या वहीत चिकटवल्या जातात. आकड्यांवरून आलेख निघतो, तो टेबलावर पसरून चर्चा होते आणि शेवटी तो एखाद्या निबंधात जाऊन बसतो. एकदा आलेख हाती आला, की तो ज्या उंदरापासून निघाला त्याची कोणाला आठवणही राहत नाही. हा सगळा खटाटोप, ही सगळी महागडी यंत्रे, एका अर्थी कागदावर एक विश्वासार्ह रेघ उमटावी यासाठी चाललेली असतात, असे लातूरच्या लक्षात आले.

दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे. गिलमॅ यांच्या गटाने थायरॉइड ग्रंथीच्या कामाची सुरुवात करून देणारे, टीआरएफ नावाचे एक द्रव्य शोधून काढले होते. त्यासाठी लाखो मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे गोळा करावे लागले आणि इतक्यातून हाती आले ते जेमतेम मिलिग्रॅमच्या हिशेबात. अँड्र्यू शॅली यांचा गट डुकरांच्या मेंदूंवर हेच काम करत होता आणि दोन्ही गटांत चुरस होती. १९६९ साली त्या द्रव्याची रचना पक्की झाली. लातूरने जुने निबंध काढून पाहिले, तर सुरुवातीला भाषा अशी होती : ‘असे काही द्रव्य असावे, असे अमुक यांना वाटते.’ मग ‘अमुक यांनी अमुक पद्धतीने असे दाखवले आहे.’ पुढे नुसतेच ‘टीआरएफची रचना अशी आहे.’ आणि काही वर्षांनी तर कोणी ते वाक्यही लिहीना. औषधांच्या कंपनीकडून पांढऱ्या भुकटीची बाटली मागवायची आणि कामाला लागायचे. ‘असे म्हणतात’पासून ‘असे आहे’पर्यंतचा हा प्रवास एकेक शंका फिटत, एकेक आक्षेप गळत झालेला असतो. तो पूर्ण झाला, की वाटेतली माणसे आणि त्यांची मेहनत पुसली जाते.

लातूर आणि स्टीव्ह वूलगर यांनी या अनुभवांवर लिहिलेले पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. गिलमॅ आणि शॅली यांना त्याआधीच, १९७७ साली, नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुस्तकाने खळबळ उडवली. ‘वैज्ञानिक सत्य सापडत नाही, ते रचले जाते,’ असा त्याचा सूर होता. त्यावर काही शास्त्रज्ञ रागावले. रचलेले म्हणजे खोटे, असा त्यांनी अर्थ घेतला. विज्ञानावर खार खाणाऱ्या काही लोकांनीही नेमका तोच अर्थ सोयीने घेतला! पण जरा विचार करा. नदीवरचा पूल रचलेलाच असतो. म्हणून तो खोटा असतो का? तो किती नीट बांधला आहे, एवढाच प्रश्न असतो. पुढे हवामानबदल नाकारणारे लोक आपलीच भाषा वापरू लागले आहेत, हे पाहून लातूर स्वतः अस्वस्थ झाला आणि २००४ साली त्याने तसे लिहिलेही. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले.

मग हा पूल नीट बांधला आहे हे ओळखायचे कसे? शाळेत शिकवलेले उत्तर आपल्याला ठाऊक आहे. प्रयोगाची कृती लिहून प्रसिद्ध करायची, दुसऱ्याने ती वाचून तोच प्रयोग करायचा आणि निष्कर्ष जुळला की झाले. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी हे खरेच असे घडते का, ते जाऊन पाहायचे ठरवले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका नव्या प्रकारच्या लेझरची कृती प्रसिद्ध झाली होती आणि ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळा तो बनवण्याच्या मागे होत्या. कॉलिन्स यांना आढळले, की केवळ छापील निबंध वाचून चालता लेझर कोणालाही बनवता आला नव्हता. ज्यांना जमला, त्यांचा तो आधी बनवलेल्या माणसाशी कुठेतरी प्रत्यक्ष संबंध आलेला होता.

आपल्या घरातल्या बायकांना याचे मुळीच नवल वाटणार नाही. पुरणपोळीची कृती पुस्तकात छापलेली असते. वाट्या, चमचे सगळे दिलेले असते. पण कणीक किती सैल, पुरण कधी पुरेसे आटले, पोळी लाटताना हात किती हलका, हे कुठल्या पुस्तकात आहे? ‘हात बसावा लागतो’ असे आपण म्हणतो. प्रयोगशाळेतही हात बसावा लागतो, असे कॉलिन्स सांगत होते.

त्यांनी टिपलेली दुसरी कहाणी तर अधिकच गमतीची आहे. देवळातली घंटा एकदा वाजवली की तिचा नाद बराच वेळ घुमत राहतो, पत्र्याचा डबा मात्र वाजवल्यावर लगेच गप्प होतो. एखादा पदार्थ किती वेळ घुमतो याचे शास्त्रज्ञांकडे एक माप आहे. मॉस्को विद्यापीठातल्या व्लादिमीर ब्रागिन्स्की यांच्या गटाने नीलमाच्या स्फटिकाचे हे माप काढले आणि ते फारच मोठे आले. नीलम अतिशय दीर्घकाळ घुमतो, असा त्याचा अर्थ. गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या उपकरणात आरशासाठी असा पदार्थ हवाच होता. म्हणून पाश्चात्त्य देशांतल्या गटांनी तो प्रयोग करून पाहिला. कोणालाच ते माप मिळेना. वीस वर्षे गेली. रशियन लोकांचे काहीतरी चुकते आहे, अशी कुजबुज सुरू झाली.

१९९८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मॉस्कोला जाऊन आठवडाभर प्रत्यक्ष काम पाहिले. नीलमाचा तुकडा निर्वात पात्रात अगदी बारीक धाग्याने टांगायचा असतो. धागा स्फटिकाला जिथे टेकतो तिथे घुमणे मुरते. म्हणून धाग्याला चरबीचा किंचित हात लावायचा. किती? जास्त झाली तर बिघडते, कमी झाली तर बिघडते. तिथला एक कसलेला प्रयोगकर्ता कधी कधी सरळ तो धागा स्वतःच्या नाकाच्या दांड्यावरून किंवा कानामागून फिरवायचा! तिथे त्वचेवर असते तेवढे तेल बरोबर पुरे होते. आता असे वाक्य कोणत्या शोधनिबंधात छापून येणार? पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, ग्लासगोमध्येही त्या तोडीचे माप मिळाले. नीलमाविषयी रशियन गट सांगत होता ते खरे ठरले.

कॉलिन्स यांनी यातून आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती मला फार मोलाची वाटते. हे काम अवघड आहे, पुन्हा पुन्हा टांगून पाहावे लागते, दहा वेळा फसले तरी अकराव्यांदा जमू शकते, हेसुद्धा ज्ञानच आहे. ज्याला ते कळलेले नसते, तो तिसऱ्या खेपेला प्रयत्न सोडून देतो आणि समोरचाच खोटा, असे ठरवून मोकळा होतो. ग्लासगोच्या मंडळींनी मॉस्कोहून युक्त्या आणल्या, त्याहून अधिक म्हणजे धीर आणि विश्वास आणला.

शेवटी लायगोच्या त्या उपकरणात नीलमाऐवजी सिलिकाचे आरसे बसवले गेले आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा नोंदली गेली. तशाच उपकरणाच्या उभारणीला आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. यंत्राचे भाग आणि नकाशे अमेरिकेतून येतील, पण ‘हात’ खोक्यात घालून पाठवता येत नाही. तो आपल्याकडच्या तरुण-तरुणींना तिथल्या लोकांशेजारी बसूनच मिळवावा लागेल. कोणतीही मोठी प्रयोगशाळा उभी करण्यातले हे खर्चाच्या अंदाजपत्रकात न दिसणारे काम आहे.

कोणी म्हणेल, ही झाली दूरच्या ताऱ्यांची गोष्ट. तर जवळचे उदाहरण घेऊ. मिना बिसेल आणि कॉर्नेलिया पोल्याक या स्तनांच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या दोन नामवंत शास्त्रज्ञ. एकीची प्रयोगशाळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्कली येथे, दुसरीची पूर्व किनाऱ्यावर बोस्टनमध्ये. दोघींनी मिळून एक काम हाती घेतले. स्त्रीच्या स्तनातील ऊतीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि यंत्राने त्यांची वर्गवारी करायची. कृती तीच, यंत्रे त्याच जातीची, माणसे तरबेज. तरीही दोन्हीकडचे आलेख जुळेनात. वर्षभर एकेक गोष्ट तपासून झाली. शेवटी दोन्हीकडच्या शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी शेजारी शेजारी बसून काम करू लागल्या आणि क्षणात उलगडा झाला. पेशी सुट्या करताना एकीकडे मिश्रण जोरात घुसळत, तर दुसरीकडे ते हळुवार हिंदकळत ठेवत. आपापल्या ठिकाणी ही इतकी नेहमीची बाब होती, की ती सांगण्यासारखी आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. दोघींनी ही हकीकत २०१४ साली मोकळेपणाने प्रसिद्ध केली.

इथे प्रमाणीकरणाचा प्रश्न येतो. पूर्वी आपल्याकडे एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, मग बाजारात वाद व्हायचे. दशमान मापे आली आणि तो वाद मिटला. प्रयोगशाळांचेही तसेच असते. सर्वांनी एकाच मापाने मोजावे, एकाच रीतीने घुसळावे, एकाच जातीचे उंदीर वापरावेत, असे ठरवून घ्यावे लागते. पण हे ठरवणे कुठवर न्यायचे?

१९९९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी याची परीक्षा पाहिली. एकाच वंशाचे, एकाच वयाचे उंदीर, तेच खाणे, तशीच उपकरणे, दिव्यांची वेळही तीच. स्थानिक घड्याळाप्रमाणे चाचण्याही एकाच वेळी सुरू केल्या. तरी काही चाचण्यांत उंदीर तीन ठिकाणी निरनिराळे वागले! उंदराला हातात घेणारा माणूस निराळा, त्याचा वास निराळा, खोली निराळी. किती गोष्टी सारख्या करणार? दुसऱ्या वर्षी हॅनो वुर्बेल या शास्त्रज्ञाने उलट बाजू मांडली. तो म्हणाला, समजा तुम्ही अगदी सगळे सारखे केलेत, तर निष्कर्षही त्या एकाच खोलीपुरता खरा ठरेल. औषध तर खोलीबाहेरच्या जगासाठी हवे आहे ना? म्हणजे काय सारखे ठेवायचे आणि काय मुद्दाम बदलून पाहायचे, हे ठरवणे हाच प्रयोगशाळेतला खरा विवेक.

आपल्याकडे हा विवेक शिकवण्याची जागा म्हणजे महाविद्यालयातले प्रात्यक्षिक. अनुमापनाचा साधा प्रयोग घ्या. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जायचे आणि फ्लास्कमधल्या द्रवाला फिकट गुलाबी रंग आला की थांबायचे. फिकट म्हणजे किती फिकट? एकाला जो फिकट, तो दुसऱ्याला गडद. शेजारी उभे राहून ‘हां, आता बस’ असे दहा वेळा सांगितल्यावर मुलांची नजर तयार होते. पण परीक्षेत गुण नजरेला नसतात, उत्तराला असतात. मग मुले गेल्या वर्षीच्या जर्नलातून ‘बरोबर’ वाचने उतरवून घेतात. वीस मुलांची वीस वाचने दशांशापर्यंत तंतोतंत जुळलेली मी पाहिली आहेत. हा सारखेपणा आणि शास्त्रज्ञ कष्टाने मिळवतात तो सारखेपणा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात फरक लपवलेला असतो, दुसऱ्यात तो शोधून, समजून घेऊन दूर केलेला असतो. आकडे का जुळले नाहीत हे लिहिणाऱ्या मुलाला गुण देण्याची पद्धत आपण पाडली, तर पुष्कळ काही बदलेल.

आणि हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात मधुमेह आहे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी आपल्या परिचयाची आहे. हे प्रमाण काबूत ठेवले तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे नुकसान टळते किंवा लांबते, हे अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाने १९९३ साली दाखवून दिले. पण अडचण अशी होती, की निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या पद्धती वापरत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नसत. सात ही मर्यादा डॉक्टरांनी सांगितली, तरी या प्रयोगशाळेचे सात म्हणजे त्या प्रयोगशाळेचे किती? म्हणून १९९६ पासून सगळ्या पद्धती त्या अभ्यासातल्या मापाशी जुळवून घेण्याचा कार्यक्रम अमेरिकेत सुरू झाला आणि पुढे तो इतर देशांतही पोहोचला. आज आपल्या हातातल्या अहवालावरच्या आकड्याला अर्थ आहे, तो या कंटाळवाण्या, बातमीत न येणाऱ्या कामामुळे.

आपल्याकडेही प्रयोगशाळांची पारख करून त्यांना मान्यता देणारी एनएबीएल ही संस्था आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणाहून एकाच द्रवाचे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवले जातात आणि कोणाचे उत्तर किती हटते ते त्यांना कळवले जाते. मान्यता घेणे मात्र बहुतांशी ऐच्छिक आहे. म्हणून रक्त तपासायला देताना ‘तुमची प्रयोगशाळा अशा तुलनेत भाग घेते का?’ असे विचारायला संकोच वाटू देऊ नये. दर खेपेची तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी करावी आणि उपाशीपोटी यायला सांगितले असेल तर खरोखर उपाशीच जावे. प्रयोगाचा एक भाग आपल्याही हातात असतो.

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्य हल्ली आपल्या कानांवर रोज पडते. कधी ते तेलाच्या जाहिरातीत असते, तर कधी मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात. अशा वेळी सगळेच खरे मानू नये आणि सगळेच थोतांड म्हणून झिडकारूही नये. आणखी कोणी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी हे करून पाहिले का आणि त्यांना काय आढळले, एवढे विचारावे. नीलमाच्या त्या एका मापासाठी दोन देशांच्या शास्त्रज्ञांनी वीस वर्षे हाच प्रश्न सोडला नव्हता.